फौजदाराचा पाय

४ मार्च, सोमवार

फौजदार लंगडतोय.

सकाळी दाणे टाकले तेव्हा दिसलं. दोन्ही कोंबड्या धावत आल्या, हा मागेच. डावा पाय टेकला न टेकला की उचलतो. एरवी मी परसात पाऊल टाकलं की पंख पसरून अंगावर येणारा कोंबडा! आज नुसता बघत उभा. त्याचीच जास्त भीती वाटली.

दुकान उशिरा उघडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली – एक टेबल, एक दिवा, आणि लोकांनी दुरुस्तीला दिलेली बंद घड्याळं. एकाचं मशीन उघडून बसलो, पण लक्ष सगळं मागच्या दारी.

कोंबडा लेकीचा. नोव्हेंबरात ती सासरहून आली तीच टोपलीत हा आणि दोन कोंबड्या घेऊन. "चार दिवस राहा, मन शांत कर, मग जा," मी म्हणालो. चाराचे ऐंशी झाले. मग तेच पुन्हा म्हणालो – जरा मोठ्यानं. "लोक विचारतात," असंही म्हणालो. दहा फेब्रुवारीला बॅग उचलून गेली. सासरी नाही, मैत्रिणीच्या खोलीवर. तिथे कोंबड्या ठेवू देत नाहीत.

तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. आईशी बोलते. मी खोलीत गेलो की ही फोन ठेवते. म्हणजे लेकीचं म्हणून माझ्या वाट्याला एवढंच राहिलंय – हा तांबडा, माजोरडा, आता लंगडा पक्षी. याला काही झालं तर तिला कोणत्या तोंडानं सांगू?

५ मार्च, मंगळवार

पकडला! अंगावर टॉवेल टाकून, तोही तिसऱ्या झटापटीत. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

डोळ्याला भिंग लावून पाय पाहिले. बरं नाही. खवले उचकटलेले, त्यांच्याखाली पांढरट चुन्यासारखा थर. आणि पायामागचा काटा – बापरे! डावा तर वाढून वाढून आत वळलाय. चालताना उजव्या पायाला घासतो, तिथे सालपटं निघालीत. इतके दिवस रोज दाणे टाकतोय मी. दिसलं कसं नाही?

ही म्हणाली, "एवढं माझ्या गुडघ्यांचं केलं असतंत तर मी आज पळत असते."

६ मार्च, बुधवार

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. टोपलीत फौजदार, वर फडकं. रांगेत दोन बकऱ्या, एक मांजर आणि आम्ही. टोपलीतून आवाज येत होता तोवर बरं वाटत होतं. मधेच गप्प झाला. तीनदा फडकं उचलून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं बोटाला टोचलं.

डॉक्टरीणबाई तरुण. म्हणाल्या, "बारीक किडे आहेत. खवल्यांखाली घर करतात." कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, जुन्या टूथब्रशनं हलकेच घासायचे, कोरडे करून वर व्हॅसलीन. रोज. खुराडं धुवायचं, जुना पेंढा जाळायचा, कोंबड्यांचेही पाय बघायचे. "आणि काका, कुणी सांगितलं तरी रॉकेल लावू नका."

काट्याचं विचारलं. "आधी किडे मरू देत. मग टोकाकडून थोडं थोडं घासा. आत जिवंत भाग असतो, रक्त असतं त्यात. फार आत गेलात तर पंचाईत. तुम्ही घड्याळजी, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असेल. पण एकट्यानं नको. धरायला माणूस हवं, आणि तेही त्याच्या ओळखीचं."

त्याच्या ओळखीचं माणूस!

घरी येऊन पायाचा फोटो काढला नि लेकीला पाठवला. खाली काय लिहावं सुचेना. काहीच लिहिलं नाही.

७ मार्च, गुरुवार

उत्तर आलं! सव्वीस दिवसांनी.

"व्हॅसलीन खवल्यांच्या आत जाईल असं चोळा. सुटले नाहीत ते खवले ओढू नका, रक्त येतं."

"बाबा" नाही, "कसे आहात" नाही. तरी चारदा वाचलं. हिला दाखवलं. ही म्हणाली, "कोंबड्याला आलंय ते पत्र, तुम्हाला नाही." खरंय. पण माझ्या फोनवर आलंय.

८ मार्च, शुक्रवार

पाय भिजवणं नंबर दोन. कालच्यापेक्षा कमी आरडाओरडा. पाण्यात पाय सोडले की डोळे मिटतो, चोर.

दुपारी जावयाचा फोन. दर आठवड्याला येतो. नेहमीसारखाच नम्र. "बाबा, घरात कुरबुरी होतात. चूक माझीही असेल. तुमचा शब्द ती मोडणार नाही. फक्त एकदा समोरासमोर बसवा, बाकी मी बघतो." इतकं अजिजीनं बोलतो की आपल्यालाच ओशाळं वाटतं.

मी हो म्हणालो. सतरा तारीख, रविवार, पाच वाजता.

मग लेकीला लिहिलं – काटा घासायचाय, धरायला त्याच्या ओळखीचं कुणी हवं, रविवारी सतराला तीन वाजता येशील का?

यात खोटं काय आहे? काटा घासायचाच आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय. खोटं एक अक्षरही नाही.

हिला सांगितलेलं नाही.

९ मार्च, शनिवार

उत्तर नाही.

१० मार्च, रविवार

नाही.

११ मार्च, सोमवार

"येते. फौजदारासाठी. पाचच्या आत निघेन."

पाचच्या आत! चहा करायला सांगेन. चहात अर्धा तास सहज जाईल.

१३ मार्च, बुधवार

माझी अक्कल कुठे गेली होती!

काट्यानं उजव्या पायाला नवीन जखम केली. पाहवेना. रविवारपर्यंत थांबायचं सोडून बारीक कानस घेतली नि एकटाच बसलो. ही बाजारात. फौजदार टॉवेलमध्ये, डोकं माझ्या काखेत. सात-आठ वेळा कानस फिरवली, त्यानं एकदम झटका दिला, कानस तिरकी गेली – रक्त! थेंब नव्हे, धार. कापूस दाबून धरला, वर कॉर्नफ्लोअर, पुन्हा कापूस. दहा मिनिटं तसाच जमिनीवर. त्याचं काळीज माझ्या बरगड्यांवर धडधडत होतं. का माझंच होतं!

थांबलं एकदाचं. पण खुराड्यात कोपऱ्याला बसलाय. दाणे तसेच.

एक गोष्ट लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे? रक्त येत होतं तेव्हा पहिला विचार आला तो "बिचारा" असा नव्हता. पहिला विचार – हा मेला तर ती रविवारी कशाला येईल?

१४ मार्च, गुरुवार

खात नाही. आरवला नाही. गल्लीतल्या तीन जणांनी विचारलं, कोंबडा विकला का.

डॉक्टरीणबाईंना फोन. "घाबरलाय. जखम कोरडी ठेवा, पाण्यात गूळ घाला. आणि काका, कानस बाजूला ठेवा." लेकीला कळवावं का? कळवलं तर आजच येईल. आज आली तर रविवारी येणार नाही. कळवलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

भिजवलेला भात खाल्ला. माझ्या तळहातावरून!

दुपारी आरवला. आवाज घोगरा, पण आरवला. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी हातातलं घड्याळ टाकून मागं पळालो, ते बिचारं बघतच राहिलं.

१६ मार्च, शनिवार

खवल्यांखालचा पांढरा थर जवळजवळ गेला. पाय पिवळे दिसायला लागलेत. खूण बरी आहे.

परस झाडलं, दोन खुर्च्या पुसल्या, तिसरी काढली. ही बघत होती.

"तिसरी कुणाला?"

"असू दे."

"कुणाला, विचारते."

"अगं, असू दे म्हणतोय ना!"

ही आत गेली. झोप लागेल असं वाटत नाही. जावयाचा मेसेज – "बाबा, तुमचे उपकार विसरणार नाही." आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का, ते कळत नाही. लेकीचं घर सावरतंय, यात वाईट काय?

१७ मार्च, रविवार, दुपारी दोन

सगळं तयार. कानस, कापूस, कॉर्नफ्लोअर, टॉवेल. चारदा मोजलं. हिला चहाचं सांगितलं. ही म्हणाली, "लेक येतेय, पाहुणी नाही."

तीनला आली तर बरं. नाही आली तरी बरं.

रविवार, संध्याकाळी सात

आली. वाळली आहे. फौजदारानं तिला लांबूनच ओळखलं.

तिनं मांडीवर घेतला. डावा काटा झाला, बेतानं. धरताना तिची बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला डाग, वाटोळे, विडी टेकवल्यासारखे. सहा, एका रेषेत.

"फौजदारानं टोचलं?" मी विचारलं.

"फौजदार असं ओळीत नाही टोचत, बाबा."

घड्याळात चार वीस. मी कानस खाली ठेवली नि सांगून टाकलं – पाचला कोण येणार आहे, कुणी बोलावलंय. तिचा चेहरा पांढराफटक. उठून पळेल वाटलं. पळाली नाही, फौजदाराला घट्ट धरून बसली. ही तिच्यामागे येऊन उभी राहिली. मी मागच्या दाराला कडी घातली नि पुढे जाऊन फाटकात उभा राहिलो.

तो पाचला आलाच. हातात फुलं. मी त्याला आत येऊ दिलं नाही. काय काय बोललो आठवत नाही. तो काय बोलला ते या वहीत लिहिणार नाही.

तो गेल्यावर परत आलो. कानस उचलली, पण काट्यावर नीट टेकेना.

लेक म्हणाली, "घाई नाही बाबा. उजवा उद्या करू."