कामठ्याच्या लाईनमधला गोंगाट

१३ फेब्रुवारी २०१३
पुन्हा गेली! कामठ्याचं सगळं इंटरनेट सकाळपासून मेल्यासारखं. माझ्या कनेक्शनची अडतीस घरं, फोनवर फोन. दुपारी गच्चीवरचा रेडिओ (यातूनच मी त्यांना हवेतून नेट पोचवतो) दुसऱ्या मोकळ्या चॅनलवर नेला, मेन स्विच बंद करून चालू केला. चहा होईपर्यंत तिथेही दुसऱ्या सिग्नलचा तोच गोंगाट. कोणीतरी माझ्या मागे मागे येतंय.
कोणीतरी कशाला — हिमांशुच! गोंदियात त्याचाही हाच धंदा, त्याच्या अँटेनाची छत्रीही कामठ्याकडेच तोंड करून आहे. नागपुरात एका खोलीत राहून दोघं हे काम शिकलो, एका डब्यात जेवलो. मी कुठे पळेन हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

१४ फेब्रुवारी
चारदा चॅनल बदलला. चारही वेळा हा हजर!

१७ फेब्रुवारी
हे बुडालं तर परत नागपूरची नोकरी. मग बाबांना कोण उठवणार? लकव्यानंतर माझी बायको अल्का एकटी त्यांना उचलू शकत नाही. म्हणून तर मुर्रीत घराच्याच गच्चीवर हा खांब रोवला. बाबा विचारतात, "काऊन रे, आज कामाले नाई गेला?" काय सांगू? काम गच्चीवर मरून पडलं आहे.

२० फेब्रुवारी
कामठ्याचे चैतराम गुरुजी. पहिलं कनेक्शन त्यांचंच. "राजदीप बाबू, पोरीचा फार्म भरता भरता तीनदा बंद पडला. मी आता हिमांशुकडूनच घेतो, राग नोको मानू."
राग नको मानू म्हणे! रेडिओची ताकद नियमाबाहेर, पार शेवटपर्यंत चढवली. मरू दे त्याची लाईन! पण माझी तरी कुठे जगली?

२२ फेब्रुवारी
आज एक काम केलं. नागपूरच्या वायरलेसवाल्या सरकारी खात्याला पत्र — हिमांशु हद्दीबाहेर ताकद वाढवून सगळ्यांना त्रास देतो. खाली नाव घातलं नाही. जे मी करतोय तेच त्याच्या नावावर लिहिलं. पेटीत टाकलंच.

२५ फेब्रुवारी
तसंच. जेवण जात नाही.

१ मार्च
अल्का गच्चीवर वड्या वाळत घालत होती. वरूनच हाक — "आवो, खांबावर खालच्या अंगाले तो डबा कोनाचा जी? त्याचा बी दिवा लुकलुकून राहिला."
माझाच! संक्रांतीनंतर जादा रेडिओ म्हणून लावला आणि साफ विसरलो. मीच त्याला तसं लावून दिलं होतं, चालू झाला की मोकळा चॅनल स्वतः शोधायचा. दोघांचा मेन स्विच एकच. मी दर वेळी तो बंद-चालू करायचो आणि हा दर वेळी उठून माझ्याच नव्या चॅनलवर येऊन बसायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा! वायर उपटली. मिनिटभरात कामठ्याची लाईन साफ.
अल्का हसली. मला हसू आलं नाही. ते पत्र!

२ मार्च
हिमांशुकडे गेलो. तो घरी नव्हता. त्याची आई, शांतीबाई, म्हणाली, "गिऱ्हाइकाईले समजवाले गेला बाबू. आठ दिवसापासून आपली मशीन बंद करून बसला ना. गुरुजी आले होते, त्याईले बी कनेक्शन नाई देलं. राजदीपची लाईन खराब होऊन राहिली, आपल्यानंच होत असन तं बंद करून पाहतो म्हने. दोस्ताची रोजी आहे म्हने."
म्हणजे मी शिव्या घालत होतो तेव्हा त्याचा रेडिओ बंद होता. तिने चहा दिला. अर्धा टाकून उठलो. तुझं मशीन चालू कर, चूक माझीच होती, एवढा निरोप ठेवून आलो. पत्राचं बोललो नाही.

४ मार्च
उद्या सांगतो. नक्की.

७ मार्च
नाही सांगितलं. भेकड आहे मी!

११ मार्च
हिमांशुचा फोन. रडवेला. "नागपूरचे साहेब आले यार, कोनं तरी माही शिकायत केली. मशीन उचलून नेतो म्हनतात. मले त्याईच्याशी बोलता नाई येत. तू ये ना राजदीप, तुह्याशिवाय कोन आहे मले?"