विहिरीवरचा तवंग

आबा, आज धाकट्याचा फोन आला होता. तो कुरकुंभला एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. तिथल्या तळ्यावर तेल पसरलं होतं, ते तेल पिणारे दाणे टाकून काढलं म्हणाला. "ताई, आता पाणी न पिणारा दाणा मिळतो. काठावरूनच काम होतं, घाबरायचं काय त्यात?" खरंय, तो तेव्हा पाळण्यात होता. त्याला काय ठाऊक! मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

मांडवगणच्या आपल्या वस्तीवरची दुपार. इंजिनाशेजारचं डिझेलचं बॅरल कलंडलंय आणि सगळं डिझेल विहिरीत गेलंय. वाकून बघावं तर पाण्यावर रंगीत तवंग, आणि वास असा की डोळ्यांत पाणी. मामा घमेलंभर माती घेऊन धावत आला. "माती टाकू, तेल खाली बसंल." तुम्ही त्याचा हातच धरलात. "बसंल की! तळाला बसंल आन् जलमभर पीत बसू." मामाच्या तोंडातली बिडी आईनं ओढून पायाखाली चिरडली, तरी त्याला पत्ता नाही. एरवी आम्ही हसलो असतो.

रांजणगावला तुम्ही भट्ट्यांना आतून अस्तर लावायचं काम करत होता. उन्हाळ्यात पत्रा तापू नये म्हणून साहेबांना विचारून फुगवलेल्या अभ्रकाची उरलेली पोती घरी आणली होती. चुरमुऱ्यांसारखा हलका, सोनेरी दाणा. तो तुम्ही सगळा विहिरीत ओतलात. दाणे तरंगत राहिले आणि बघता बघता काळे पडले. "ह्यो तेल पितो, पर पाणी बी पितो. जड झाला का बुडंल. त्याच्या आत काढाया पायजे," म्हणालात, कमरेला दोर बांधलात, तोंडाला ओला पंचा गुंडाळलात आणि धान्याची चाळण घेऊन खाली गेलात. पायऱ्या तर कधीच ढासळल्या होत्या.

तुम्ही चाळणीनं दाणे बादलीत भरताय, आई आणि मामा बादली ओढताहेत, मी काठावर पालथी पडून हाका मारतेय. "आबा!" खालून "हाय!" पुन्हा हाक, पुन्हा "हाय!" मग एकदा काहीच आलं नाही. मामानं दोर ओढला. तुम्ही वर आलात ते मान टाकून, ओठ पांढरे, आणि काठावर भडाभडा ओकलात. मला वाटलं, सुटलो.

पण तुम्ही तोंड पुसलंत आणि पुन्हा दोर कमरेला आवळायला लागलात. मी तुमचा सदरा दोन्ही मुठींनी धरला. तुम्ही कधी माझ्यावर ओरडत नसत, त्या दिवशी ओरडलात. "सोड! माझ्या आयनं पाण्यासाठी दुसऱ्याच्या हिरीवर तासन् तास वाट बघितलीया, कुणी वरनं ओतंल म्हून. ही आपली हिर हाय. तुला बी तसंच उभं ऱ्हायचंय व्हय?" माझ्या मुठी आईनं सोडवल्या. तुम्ही खाली गेलात. त्या वेळी मी हाक मारलीच नाही. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

तुम्ही आलात वर. पुढं इंजिन लावून उपसा केला, वास जाईपर्यंत सगळे थांबले आणि वस्ती पुन्हा तेच पाणी प्यायला लागली. आपलं छत तेवढं त्या उन्हाळ्यात तापतच राहिलं. तुम्ही त्यानंतर बरीच वर्षं होता, आजारानं गेलात, अंथरुणावर. वस्तीवर अजून विहिरीचा विषय निघाला की लोक तुमचं नाव काढतात, आणि मीही अभिमानानं मान डोलावते.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. आबा, तुम्ही दुसऱ्यांदा उतरलात तेव्हा मला विहीर नको होती. जन्मभर दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहिले असते. मला फक्त तुम्ही वर हवे होता.