राणीचा शोक आणि माझे तीन दिवस

१२ जाने. २०१४, वोल्फ्सबुर्ग
सईला शाळेत रेफेराट द्यायचाय, म्हणजे वर्गापुढे उभं राहून माहिती सांगायची. विषय: म्हाताऱ्या इंग्रज राणीचा मृत्यू, १९०१. साताऱ्याला माझ्या वडिलांना, आबांना, स्काइपवर सांगितलं, तर खोकला विसरले! पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेला माणूस. ते मराठीत सांगणार, नात जर्मनमध्ये विचारणार, मध्ये मी दुभाषी.

१६ जाने.
आज कैसर, म्हणजे जर्मन सम्राट. राणीचा थोरला नातू, पण इंग्लंडात नकोसा. आजी जाणार कळल्यावर बर्लिनचा समारंभ टाकून निघाला. आगगाडी, मग बोट. शेवटचे अडीच तास तिला एका हाताने सावरून बसला. दुसरा हात जन्मापासून अधू.
आबा: "तेवढ्यापुरतं सगळं माफ केलं इंग्रजांनी. वेळेवर पोचला ना!"
मग फार खोकले. मीच स्काइप बंद केलं.

२० जाने.
दादाचा फोन. आबांना न्यूमोनिया, ॲडमिट केलंय. "येऊ का?" "घाई नको. स्टेबल आहेत."
गुरुवारी सईचा रेफेराट, शुक्रवारी माझा रिव्ह्यू. तिकीट बघितलं. काढलं नाही. दादा नको म्हणाला म्हणून नाही. मला तेच ऐकायचं होतं.

२१ जाने.
आबा गेले. तिकडे दुपारचे साडेबारा. मी ऑफिसपाशी पार्किंग शोधत होते. जागा मिळाल्यावर फोन उचलला. गाडी नीट लावलीसुद्धा. दादा म्हणाला, संध्याकाळी नेतोय, थांबता येणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे.
बॉसने हात हातात घेतला, आईवडिलांसाठी दोन दिवस सुट्टी असते म्हणाला. थँक्यू म्हणाले.

२२ जाने.
आत्याचा फोन. "लग्न झालेली लेक तू. तुला तीनच दिवसांचं सुतक. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ कर नि लाग कामाला, बाळा."
म्हणजे ऑफिसचे दोन, धर्माचे तीन. एका दिवसाचा फरक.
नवऱ्याने, मकरंदने, खिचडी केली. खाल्ली. चांगली झाली होती. रडू येत नाही, त्याची लाज वाटते.
सईचे कागद टेबलावर. राणी गेली तेव्हा लंडनच्या झाडूवाल्यांनीही झाडूला काळी फीत बांधली. दुकानात काळं कापड उरलं नाही. हे आबांनी सांगितलेलं, मीच भाषांतर केलेलं, तरी आज पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचलं.

२३ जाने.
सईला एक नंबरची ग्रेड, म्हणजे इथली सर्वात वरची. माहिती कुठून आणलीस, असं बाईंनी विचारलं. "माझ्या आजोबांकडून," म्हणाली. आजोबा गेले हे वर्गात सांगितलं नाही.
जेवताना तिने मला विचारलं, जर्मनमध्येच: कैसर तर बोटीने गेला होता. तू विमानाने का नाही गेलीस?
मकरंद तिच्यावर ओरडला. मी म्हटलं, ओरडू नकोस. पोळी वाढली तिला.
ह्याला दुभाषी लागला नाही.

२४ जाने.
पहाटे डोक्यावरून अंघोळ केली. नियमाप्रमाणे सुतक फिटलं.
दादाचा मेसेज: तेराव्याला तरी ये. तिकीट आहे, बघितलं. रविवारी सकाळी मुंबईत, दुपारपर्यंत घरी. सगळं वेळेवर पोचवणारं विमान. पण आता तिथे सावरायला कोण आहे?
तीन दिवस बंद असलेला दिवा लावायला देवापुढे काडेपेटी घेऊन उभी राहिले. सई दप्तर घेऊन दारात थांबली होती, बघत.
काडेपेटी परत ठेवली. ऑफिसला कळवलं, आज येत नाही. कारण विचारलंय. अजून लिहिलेलं नाही.