ओट्यावरचा उजेड

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अर्धवटच) भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. त्यातल्या त्यात मी जास्त, कारण पराक्रम मी केला आणि भोगला तो तुझ्या भावजयीने.

झालं असं, की गेले काही महिने तिचं एकच पालुपद: "इथे मेलं काही दिसत नाही, स्वयंपाकघरात उजेडच नाही." आता माझा उभा जन्म गेला दुकानांच्या काचेमागची सजावट करण्यात. (शिळा माल ताजा दिसायला उजेड कुठून पडावा, हे मला विचारावं!) मी कंबरच कसली. जेवताना तिला समजावलं, की उजेड तीन थरांत हवा. एक छतावरून सगळ्या खोलीला, दुसरा कपाटांखालून थेट ओट्यावर, कामापुरता, आणि तिसरा जेवणाच्या टेबलावर, मंद, नुसतं बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली, थरांचं नंतर बघू, आधी ताटातलं संपवा.

वायरमन आला. भला माणूस, कशालाही नाही म्हणत नाही, तिथेच घात झाला. ओट्याशी मी स्वतः उभा राहिलो, मान वाकवून बघितलं, डोळ्यांवर काही येत नाही अशी खात्री केली आणि दिव्यांची पट्टी ठोकून घेतली. आता मी हा असा ताडमाड, आणि ती माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी. संध्याकाळी बटण दाबलं तर सगळा झोत तिच्या डोळ्यांत! बाईने काय करावं? माझी फिरायला जायची टोपी डोक्यावर चढवली आणि कांदा चिरायला घेतला. (शेजारीण मीठ मागायला आली होती, ती न मागताच परत गेली.)

मग पट्टीपुढे आडवी फळी लावली, छतावरचे दिवे बदलले, टेबलावरचा खाली ओढला. (त्यावर माझं डोकं आपटतं, ते जाऊ दे.) आता आमचं स्वयंपाकघर सराफाच्या दुकानासारखं झळाळतंय. तरी ती आपली म्हणे, "छान झालंय हो, पण जरा अंधारच वाटतो." मी पुन्हा वायरमनला बोलावणार, तोच गेल्या आठवड्यात तिला डाळ निवडताना पाहिलं. ताई, एवढ्या झगझगाटात ती खडे बोटांनी चाचपून शोधत होती गं. शेजारी बसलो आणि मीही निवडायला लागलो. (खडे ठेवून डाळ फेकली, असं तिचं म्हणणं आहे.)

भावजींना नमस्कार सांग.

तुझाच,
भाऊ

ता. क. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. पण ही फार घाबरते, आणि माझं कधी ऐकलंय तिने? तुझा शब्द मात्र ती खाली पडू देत नाही. चार दिवस येऊन तिला तेवढं तयार कर.

ता. ता. क. मोतीबिंदू खरा, पण घाबरण्याचं वर लिहिलंय ते साफ खोटं. ती तिथल्या तिथे तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही शंका? तर हिची एकच शंका, "मी आत असेन तेवढा वेळ ह्यांच्याजवळ कोण बसेल?" मी आपला हसलो, म्हटलं, मला कोण कशाला हवंय!

ताई, ये गं.