सातव्या व्याख्यानातली कोरी जागा

३ ऑगस्ट

चि. बडबड्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बारा व्याख्यानांपैकी सहा टाइप करून पाठवते आहे. न्याय, भांडवल, जगाचा इतिहास, सगळं एका दमात सांगतोस. ऐकणाऱ्याला पाणी प्यायलाही सवड नाही.

सातव्यात मात्र अडले. टेपवर तू विद्यार्थ्यांना सांगतोस, की मालकाने काचेच्या कारखान्याला टाळं लावलं तेव्हा आपले बाबा चाळीस दिवस कामगारांबरोबर फाटकाबाहेर उभे होते. बाबा फाटकाच्या आत होते. ते मालकाचे पहारेकरी होते, किल्ली त्यांच्याच कमरेला होती. ती चार वाक्यं मी टाइप केलेली नाहीत. जागा कोरी सोडली आहे, काय भरायचं ते कळव.

लोभ आहेच; वाढवायचा का, ते तू ठरव.

तुझी ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काम टायपिंगचं दिलं होतं, उलटतपासणीचं नाही. पुस्तक महिनाअखेर छापायला जायचं आहे. ती गोष्ट ऐकून अख्खा वर्ग गप्प होतो. भांडवल म्हणजे काय, ते मुलांना त्या एका फाटकावरून कळतं. बाबा दोन हात अलीकडे होते की पलीकडे, याने सिद्धांत बदलत नाही.

कोर्टात बत्तीस वर्षं तू लोकांच्या खोट्या साक्षी टाइप केल्यास. तेव्हा बोटं अडली नाहीत, भावाच्या वेळी बरी अडली! आहे तसं उतरवून दे, नाहीतर टेप परत कर. आणि मायन्यात 'बडबड्या' लिहू नकोस, इथे कॉलेजात पत्रं दुसरेच उघडतात.

कृपा असू द्यावी, उपदेश नको.

तुझा भाऊ

१८ ऑगस्ट

चि. प्रोफेसरसाहेबांस,

आशीर्वाद, ते काही परत घेता येत नाहीत.

कोर्टात खोटी साक्ष झाली की समोरचा वकील उठायचा. तुझ्या वर्गात कोण उठतं? म्हणून मी उठले.

शाळेत कामगारांच्या पोरांचा मार खाशील म्हणून तुला तेव्हा मावशीकडे ठेवलं होतं. बाबांचा डबा त्या गर्दीतून मी न्यायचे. शेजारच्या काकू, ज्यांच्या मांडीवर तू वाढलास, त्या एकदा झाकण उघडून डब्यात थुंकल्या. मी रडत आत गेले. बाबांनी वरचा थर काढून टाकला, उरलेलं खाल्लं आणि म्हणाले की तिचं काही चुकलं नाही. मग हात धुऊन पुन्हा फाटकापाशी जाऊन बसले. असा माणूस तुझ्या सिद्धांतात बसेना, म्हणून तू त्याला उचलून बाहेर उभा केलास.

टेप परत पाठवते आहे. दुसरा टायपिस्ट शोध.

लोभ होता.

ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. जिंकलीस असं समजू नकोस. पुस्तक थांबवलं आहे. सातवं व्याख्यान सोमवारी पुन्हा दिलं. बाबा कुठे होते ते सांगितलं, डब्याचंही सांगितलं. या वेळी वर्ग गप्प झाला नाही, भांडला. कुणी बाबांना मालकाचा कुत्रा म्हणालं, कुणी म्हणालं की घरात खाणारी तोंडं होती. न्याय कुणाच्या बाजूने, असं मला विचारलं. वीस वर्षं शिकवतो आहे. तास संपेपर्यंत त्यांच्यातच बाकावर बसून त्यांचं भांडण ऐकलं. ही सगळी तुझी कृपा.

नंतर एक विद्यार्थिनी थांबली. तिचे आजोबा त्याच कारखान्यात भट्टीवर होते, त्या चाळीस दिवसांत फाटकाबाहेर. माझी पहिली गोष्ट तिने त्यांना घरी जाऊन सांगितली होती, की सरांचे वडील तुमच्याच शेजारी उभे होते. म्हाताऱ्यांना काही केल्या आठवेना. आपल्याबरोबर उपाशी राहिलेला माणूस आपण विसरलो, म्हणून ते फार रडले. तेव्हापासून ते स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवत नाहीत म्हणे.

तुम्हीच येऊन सांगा, असं ती म्हणाली. रविवारी जायचं आहे. दहा वेळा वाक्य मनात जुळवलं, पहिल्या शब्दापुढे जात नाही. तू चल. वाटेत माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

लोभाचं नंतर पाहू.

तुझा भाऊ