राजदूत १७५ आणि इतर मालमत्ता

वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात 'एक जुनी दुचाकी, चालू/बंद' असे टाइप करून आणले, याचा मी आरंभीच निषेध नोंदवतो. चालू की बंद, हा प्रश्न राजदूतविषयी कागदावर सुटत नाही. किक मारून पाहावी लागते, तीही अदबीने.

मी, रंगनाथ पुंजाराम वाबळे, वय ५७, संस्कृत शिक्षक, राहणार सावेडी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, मात्र पत्नीच्या देखत, माझ्या पश्चात अमलात यावी अशी ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१. फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी पंकजाच्या. तिने सत्तावीस वर्षे घरात ऑइलचा वास सोसला. पडदे तिने आता खुशाल बदलावेत.

२. कोल्हारची अडीच एकर जमीन पुतण्या रविराजला. गाडी मात्र त्याला मिळणार नाही. एका दिवाळीत त्याने मोठ्या प्रेमाने टाकी भरून आणली आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे विसरला. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते त्या मिसळण्यातूनच. बाभळेश्वरच्या अलीकडे पिस्टन जाम झाला. फोनवर म्हणतो, "तात्या, गाडी एकदम गप झाली वो! मी तर काठोकाठ भरलंय पेट्रोल!" क्षमा केली आहे. विसरलेलो नाही.

३. पाने, फट मोजायचा फिलर गेज आणि प्लगची डबी सत्यवान मिस्त्रींना. जाम झालेले ते इंजिन त्यांनीच उघडून बसवले. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटतात. मग निदान येते : "मास्तर, हिला काय बी झालं न्हाई. तुमीच लई काळजी करता." लाभार्थी असल्याने त्यांना साक्षीदार करता आले नाही. ते रुसले आहेत.

४. राजदूत कन्या निकिताला. माझ्या वडिलांनी ही गाडी १९७८ साली घेतली आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून प्रवरेकाठी वीस वर्षे चालवली. एक सिलिंडर, तीन गिअर. आवश्यक ते सर्व आहे, अनावश्यक काही नाही. एवढी काटकसर मी फक्त सूत्रग्रंथांत पाहिली. संथ चालताना तिच्यात मला अनुष्टुभ छंद ऐकू येतो.

येथे एक कबुली. निकिता पुण्याहून एक रविवार सोडून एक येते, कारण गाडी चालू होत नाही. "बाबा, पॉइंटचा गॅप परत हलला? मी स्वतः मोजून लावला होता!" ठिणगीची वेळ ठरवणारी ती केसभर फट आपोआप हलत नाही. शनिवारी संध्याकाळी मी हलवतो. पंकजाला ठाऊक आहे. ती म्हणते, "पोरगी गाडीची डॉक्टर आणि तुम्ही रोग."

निकिताने जोएलशी लग्न केले, तेव्हा मी जे बोललो ते बापाने बोलू नये असे होते. माफी मागितली नाही. तेव्हापासून आम्ही दोघे फक्त इंजिनावर बोलतो.

५. या शनिवारी मी गॅपला हात लावणार नाही. रविवारी निकिता आली आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली, तर तिच्याशी काय बोलायचे, हे मला सुचत नाही. खरी काळजी तेवढीच आहे.

वाचून, समजून, स्वहस्ते सही केली :
रंगनाथ पुंजाराम वाबळे

आमच्यासमक्ष सही झाली, म्हणून साक्ष :
१. काकासाहेब शेळके, शेजारी
२. अ‍ॅड. क्रिस्टीना गायकवाड

सावेडी, अहिल्यानगर
६ नोव्हेंबर २०२५