शिंगगाडीचा मागचा माणूस

हिंटरग्राट, ८ जानेवारी

प्रिय बाबा,

तुम्ही बरे असाल. थंडीत लोकांची कुलपं गोठतात, म्हणजे दुकानही बरं चालत असेल. मी ठीक आहे. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत म्हणून अक्षर असं आलंय. तसं ते चांगलं कधी होतं, असं तुम्ही म्हणाल. डोंगरात सुट्टीवर आलोय. सुट्टी कशापासून, हेही म्हणाल. तुमचं सगळं मीच बोलून टाकतो, म्हणजे तुम्हाला उत्तर लिहायचे कष्ट नकोत.

जायचं होतं पलीकडे, स्की शिकायला. माझी मैत्रीण आग्नेसही येणार होती, पण ती स्टेशनवरूनच परत गेली. का, ते पुन्हा कधीतरी. मग मी एकटाच बसमध्ये बसलो, तर या गावाशी बस थांबली ती थांबलीच. रस्ता शर्यतीसाठी बंद.

"कसली शर्यत?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"उतर आणि बघ. बघायला तिकीट नाही. हाडं मोडायचं त्यांचं ते बघतात."

तुम्ही पडलात सपाटीवरचे. बर्फ पडला की तुम्ही पडदा ओढून घेता. म्हणून नीट समजावून सांगतो. वरच्या कुरणातलं गवत आणि लाकूड हिवाळ्यात खाली आणायच्या त्या जुन्या लाकडी गाड्या. चाकं नाहीत, खाली नुसत्या पट्ट्या. पुढे बैलाच्या शिंगांसारखे वर वळलेले दोन दांडे. पुढचा माणूस शिंगं धरून पाय पुढे टाकून बसतो, मागचा त्याच्या पाठीशी, आडवा दांडा पकडून. ब्रेक नाही, सुकाणू नाही. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, जोड्या वरून सुटतात, मधे जंगलात दिसेनाशा होतात आणि चर्चपाशी बाहेर येतात. बाहेर येतात म्हणजे, काही येतात. बँड वाजत असतो. आफ्रा नावाची खानावळवाली कलेजीच्या गोळ्यांचं सूप वाढत असते. सूप झकास होतं. आईच्या हातचं थोडं पातळ असायचं.

तर सगळ्यात आधी जी गाडी आली तिच्यावर माणूसच नव्हता. पेंढ्याचा बाहुला, मागच्या जागेवर उलटा बांधलेला. अख्खं गाव त्याला बर्फाचे गोळे मारत सुटलं. मीही मारला. टोपीच उडाली.

"शाब्बास रे पाहुण्या!" आफ्रा ओरडली. "आता डोळा फोड मेल्याचा!"

"कोण हा?"

"लेन्झ. आमच्या क्विरिनच्या मागे बसायचा. जंगलातल्या वळणावर उडी टाकली भडव्यानं. क्विरिनचा पाय गेला आणि हा सकाळच्या बसनं गेला. तेव्हापासून दरवर्षी आणतो त्याला परत."

तेवढ्यात दवंडीवाल्यानं बाहुल्याची कॉलर धरून विचारलं, "लेन्झ, लेन्झ, उडी का मारलीस?" आणि सगळं गाव, म्हाताऱ्या, पोरं, बँडवालेसुद्धा, एका सुरात ओरडलं:

"सगळेच पडले तर उचलायला कोण?"

बाबा, मी सुपाचा वाडगा खाली ठेवला.

आई शेवटची आजारी होती तेव्हा तुम्ही दवाखान्यात आला नाहीत. दुकानात बसलात आणि फोनवर मला हेच वाक्य म्हणालात. शब्द न शब्द हेच. इथे ते शेंबडी पोरं चालीवर म्हणतात. तुमच्या लॉरेन्झचं लेन्झ होतं, हे मग माझ्या डोक्यात आलं. मी सुतारकाम सोडलं, बेकरी सोडली, ट्रकवरून उतरलो, त्या प्रत्येक वेळी 'अर्ध्यावर सोडणारी जात' म्हणून तुम्ही जेवणाच्या टेबलावर माझं जे काही केलंत, तेही आलं.

बर्फाचा दुसरा गोळा मी हातात दाबून दाबून दगड केला. नीट नेम धरून मारला. लागला.

इथेच थांबून पुढची बस पकडली असती तर हे पत्र एवढ्यावर संपलं असतं. पण क्विरिनचा पुतण्या उर्बान, माझ्याच वयाचा, माणूस शोधत फिरत होता. त्याचा मागचा गडी सकाळीच कंबर धरून बसला होता.

"ए लांबुड्या! बसतोस का मागे?"

"मला काही येत नाही."

"मागच्याला काही यावं लागत नाही. एकच ध्यानात ठेव. जंगलातल्या वळणावर मी 'सोड' म्हटलं की दांडा सोडून बाजूला पडायचं. मागचं ओझं गेलं की गाडी वळते. नाही गेलं तर माझ्या अंगावर येते."

"म्हणजे उडीच मारायची की!"

"उडी म्हणजे न सांगता. सांगितल्यावर सोडलं तर ते काम."

"आणि सांगितलं की नाही, हे कोण सांगणार?"

"पुढचा. तिथलं खाली कुणाला ऐकू येत नाही." हसला. दात फार चांगले होते त्याचे.

मी मागे बसलो. वळण आलं तेव्हा उर्बान 'सोड' म्हणाला. स्पष्ट. मग पुन्हा म्हणाला, मला आईवरून शिवी घालून. मी दोन्ही वेळा ऐकलं. माझे हात दांड्यावर होते आणि डोक्यात ते वाक्य चालीवर वाजत होतं. लेन्झचा मुलगा सोडत नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. बघायला झाडांशिवाय कोणी नव्हतं.

मी सोडलं नाही.

लोक धावत आले तेव्हा गाडी उलटी होती, उर्बान तिच्याखाली होता आणि माझी बोटं दांड्याला चिकटलेली. ती सोडवताना दोन मोडली. मला खांद्यावर घेतलं, बाबा. बँड वाजवला. "पोरगा शेवटपर्यंत चिकटून होता!" आफ्रानं माझे मुके घेतले. उर्बानला खालच्या दवाखान्यात नेलंय. गुडघा राहील का नाही, ते ठरायचंय. डोक्यालाही मार आहे. काही आठवत नाही म्हणतो.

रुग्णगाडी येईपर्यंत त्याला आगीच्या बंबखान्यात ठेवलं होतं. मी शेजारी बसलो होतो. क्विरिन कुबड्या टेकत आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"सोड म्हणाला ना तो?"

मी मान डोलावली.

"का नाही सोडलंस, गाढवा?"

"मी लेन्झचा मुलगा."

त्यानं कुबड्या भिंतीला टेकवल्या. मग खुर्ची ओढून बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मीही ओरडलो होतो. उशिरा ओरडलो. लेन्झनं ऐकलं आणि सोडलं. चूक माझी होती."

"मग गावाला का नाही सांगितलंत?"

"पाय गेला होता रे. वर चूकही माझीच?" उर्बानच्या अंगावरचं कांबळं त्यानं सारखं केलं. "आता तू गप्प बस, मीही गप्प बसतो. तुझं बरं चाललंय."

खरंच बरं चाललंय. आफ्रा पैसे घेत नाही. रस्त्यात माणसं टोपी काढतात. माझ्यासाठी कुणी टोपी काढल्याचं तुम्हाला आठवतं? तुमची बाजू खरी होती, हे आता तिघांना माहीत आहे: तुम्हाला, क्विरिनला आणि मला. मी बोललो तर क्विरिनही बोलेल, मग तुम्ही सुटता आणि मी अडकतो. दोन रात्री विचार केला. तुमच्याच पोटचा आहे, जास्त लागल्या नाहीत.

इथे रीत आहे. उलटलेल्या गाडीवर जो टिकला, त्यानं पुढल्या वर्षीचा बाहुला भरायचा. फार मानाचं काम. मी हो म्हटलंय. पेंढा गावाचा, कपडे भरणाऱ्याचे. तुमचा तो तपकिरी कोट, आईच्या मातीला घातला होता तो, तुम्ही आता वापरत नसाल. पाठवून द्या. मापाला बरोबर बसेल.

तो घालून तुम्ही स्वतः आलात, तर चर्चपुढे मला तोंड उघडावं लागेल. तेव्हा पार्सलच करा.

दांडा न सोडलेला,
तुमचा बेनो